एअर सस्पेन्शन: गाडी रात्रीतून मागून डावीकडे बसते, आधी काय तपासू?

हवालदिल

मंडळी, नमस्कार. सेकंडहँड घेतलेली जुनी जर्मन एसयूव्ही आहे, चारही चाकांवर हवेचं सस्पेन्शन. राहायला पुण्यात, गाव दापोलीजवळ, त्यामुळे ताम्हिणी घाट आणि कोकणातला पाऊस गाडीच्या अंगवळणी पडलेला.

दुखणं असं आहे की रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी मागून डावीकडे टेकलेली असते. चाक आणि मडगार्ड यांच्यात बोटं जेमतेम शिरतात. गाडी चालू केली की कंप्रेसर घरघरतो आणि गाडी उचलतो. पूर्वी पटकन उचलायचा, आता चहा पिऊन होईल इतका वेळ लावतो. परवा घाटात पिवळा दिवा लागला, मग लाल, आणि उंची बदलायचं बटण मेलं. बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलो तर पुन्हा सगळं ठीक.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. कोड दोन: 'सिस्टीममध्ये गळती' आणि 'कंप्रेसर तापल्यामुळे बंद'. त्यावर कोटेशन आलं कंप्रेसर, मागचे दोन्ही बलून (चाकावरचे हवेचे रबरी फुगे) आणि वॉल्व्ह ब्लॉक (कोणत्या कोपऱ्याला हवा सोडायची ते सांभाळणारा झडपांचा ठोकळा). दोन लाखांच्या वर. गाडीखाली कोणी वाकून पाहिलेलं मला तरी दिसलं नाही. इतकं सगळं एकदम जातं का?

पाना नं. तेरा

एकदम जात नाही, एकामागोमाग जातं, आणि त्या रांगेत कंप्रेसर बहुतेक वेळा शेवटी असतो. तुमचे दोन कोड एकत्र वाचा. हवा कुठूनतरी गळते, ती भरून काढायला कंप्रेसर जास्त पळतो, तापतो, आणि तो जळू नये म्हणून कंट्रोल युनिट त्याला बंद करतं. निवला की परत चालू. घाटात थांबल्यावर 'सगळं ठीक' झालं ते त्यामुळेच. आता नुसता कंप्रेसर बदललात तर नवाही तसाच धापा टाकणार.

पार्ट घेण्याआधी टेप घ्या. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपरे, मिलिमीटरमध्ये. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज त्या आकड्यात शिरते. जागा सपाट हवी, डिकीतलं सामान रात्री आणि सकाळी तेवढंच हवं. मोजून झालं की सस्पेन्शन कंट्रोल युनिट आणि कंप्रेसर, दोन्हींचे फ्यूज काढून ठेवा.

फ्यूजचं सांगतोय ते टाळू नका. बऱ्याच गाड्यांचं कंट्रोल युनिट उभ्या गाडीतही मधूनमधून जागं होतं. एक कोपरा खाली गेलेला दिसला की बाकीच्या कोपऱ्यांची हवा सोडून त्यांनाही त्याच पातळीला आणतं. सकाळी अख्खी गाडी बसलेली दिसते आणि चोर कोण ते कळायला मार्गच उरत नाही. फ्यूज काढला की ज्याची हवा जाईल तोच खाली जाईल.

स्पष्टवक्ता

टेप-बीप ठीक आहे, पण माझं वेगळं मत. रबराचं वय चारही कोपऱ्यांना सारखंच असतं. आज डावा गेला, सहा महिन्यांत उजवा जाणार. प्रत्येक वेळी गाडी उचलायची, मजुरी द्यायची, त्यापेक्षा अधिकृत सर्व्हिस सेंटरला एकदाच सगळं बदलून घ्यावं आणि चार वर्षं शांत झोपावं. महागडी गाडी घेतली की तिचा खर्चही महागडाच.

पाना नं. तेरा

रबराच्या वयाचा मुद्दा मान्य. मागचे दोन्ही बलून जोडीने बदलायला माझी ना नाही. पण वॉल्व्ह ब्लॉक कशासाठी? कोणत्या चाचणीत तो नापास झाला? हे विचारल्यावर उत्तर येत नसेल तर ते निदान नव्हे, पार्टच्या कॅटलॉगचं पान आहे.

मोकळाढाकळा

काढून टाका हो ते फुगे! साध्या स्प्रिंगा घाला, किट मिळतं. माझ्या चुलतभावाने केलं, पंचवीस हजारांत विषय संपला.

गियरवाली मावशी

विषय संपत नाही रे बाबा, दुसरा सुरू होतो. कंट्रोल युनिटला फुगे सापडत नाहीत, म्हणून दिवा कायम पेटलेला. तो घालवायला कोडिंगवाला शोधा. सगळ्यात शहाण्या गाड्यांत शॉकअपसुद्धा इलेक्ट्रॉनिक असतात, त्यांचं गणित गाडीच्या उंचीवर चालतं. मग मागे माणसं आणि सामान भरलं की नाक वर आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फेरफार केला की अपघातानंतर विमा कंपनीशी कोण भांडत बसणार? अगदी भंगारात निघायच्या बेताला आलेली गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

बापू बेलोवाले

राम राम. आमचं काम बसचं, कोल्हापुरात. बसला मागं चार बेलो, म्हंजे तुमचे बलून, पुढं दोन. हवा इंजिनाच्या कंप्रेसरची, इंजिन फिरतंय तवर त्यो फिरतोय. आधी ब्रेकच्या टाक्या भरत्यात, मग बेलोला हवा. म्हणून बेलो गळका असला तरी बस दिवसभर पळती, ड्रायव्हरला पत्ता न्हाई. रात्री इंजिन बंद झालं की मग खरं कळतंय. तुमच्या गाडीत बारका बॅटरीवरचा कंप्रेसर, त्याला तेवढा दम कुठला?

साबणाचं पाणी करा, भांडी घासायचं लिक्विड चालतंय. ब्रशनं लावा. स्प्रे मारला तर आधीच फेस होतोय आणि सगळीकडंच गळतंय असं वाटतंय. पाइपच्या जोडावर, बेलोच्या घडीत, वरच्या टोपीवर लावा आणि दमानं बघा. मोठं भोक लगेच बुडबुडे काढतंय, बारकं असलं तर नुसता पांढरा फेस हळूहळू फुगतोय.

आणि साहेब, हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली मुंडी घालू नका. बॉडीला स्टँड लावल्याबिगर न्हाईच. बेलो फुटला की गाडी खाली यायला वेळ लागत न्हाई.

हवालदिल

सगळ्यांचे आभार. फ्यूज काढून रात्रभर ठेवली. संध्याकाळी साडेसातला आणि सकाळी सहाला मोजलं. घट अशी: पुढे डावीकडे ७ मिमी, पुढे उजवीकडे ६, मागे उजवीकडे ८, मागे डावीकडे ६२.

मागचा डावा तर उघडच आहे. पण बाकीचे तीनही थोडेथोडे उतरलेत. म्हणजे चारही गळतात? गॅरेजवाला बरोबर होता का?

उष्मागतिक

घाबरू नका, ते तीन गळत नाहीत, गारठलेत. रात्री आणि सकाळी तापमान किती होतं?

हवालदिल

संध्याकाळी डॅशबोर्डवर ३४ अंश, सकाळी २१.

उष्मागतिक

मग हिशोब करू. गाडीचं वजन बदललेलं नाही, म्हणजे बलूनमधला दाबही जवळपास तोच. दाब कायम ठेवून हवा थंड केली तर तिचं आकारमान निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात घटतं. ३४ अंश म्हणजे ३०७ केल्व्हिन, २१ म्हणजे २९४. गुणोत्तर ०.९५८, म्हणजे साधारण सव्वाचार टक्के घट. बलूनमधल्या हवेच्या स्तंभाची उंची २०० मिमीच्या आसपास धरली तर ८ मिमी उतार आला. तुमचे ६, ७, ८ तिथेच बसतात. पुढे-मागे बलूनचा आकार वेगळा, म्हणून एखाद-दोन मिलिमीटरचा फरक.

ह्याची उलट बाजूही लक्षात ठेवा. सकाळी गारव्यात मोजून दुपारी उन्हात परत मोजलंत तर गळका बलूनसुद्धा निर्दोष ठरेल. मोजताना तापमान लिहून ठेवायचं ते यासाठी.

पाना नं. तेरा

वा! हे इतकं नीट मांडलेलं मी कुठल्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहिलं नाही. आता संशयित एकच उरला, पण तोही तीन तुकड्यांत आहे: बलून, त्याच्यापर्यंत जाणारा नायलॉनचा पाइप, आणि वॉल्व्ह ब्लॉकमधला त्या कोपऱ्याचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडमीट होणारी झडप. साबण लावा आणि सांगा.

हवालदिल

लावला. बापूंनी सांगितलं तसं ब्रशने, स्टँड लावून, आतलं प्लास्टिकचं लायनर काढून. पाइपचे जोड कोरडे ठणठणीत. बलूनवर पण काही नाही. अर्धा तास टॉर्च मारून बसलो होतो, शेजारच्यांना वाटलं काही हरवलंय.

म्हणजे वॉल्व्ह ब्लॉक?

इसारकाठचा

थांबा, इतक्यात ब्लॉकला फासावर देऊ नका. मी म्युनिकमध्ये असतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे सस्पेन्शनखाली सगळंच कुजतं आणि असले उद्योग आमच्या पाचवीला पुजलेले.

तुमच्या गाडीला मागे बलून वेगळा आणि शॉकअप वेगळा असेल तर बलूनचं रबर खालच्या पिस्टनवर (बलूनच्या बुडाच्या नळकांड्यावर) उलटं दुमडत जातं, पायमोजा दुमडावा तसं. गाडी खाली-वर झाली की दुमड सरकते. भेग नेहमी त्या दुमडीच्या पट्ट्यात पडते, कारण रबर तिथेच वाकून वाकून थकतं. तुम्ही गाडी ज्या उंचीवर ठेवून साबण लावलात, त्या उंचीला भेग दुमडीच्या आत दाबली गेलेली असू शकते. फ्यूज परत लावा, इंजिन चालू ठेवून गाडी सगळ्यात वरच्या उंचीला न्या, दुमड पूर्ण उघडू द्या, बॉडीखाली स्टँड लावा आणि मग परत साबण. तिथे नाही दिसलं तर सगळ्यात खालच्या उंचीला. दोन्ही टोकांना पाहिल्याशिवाय बलूनला निर्दोष म्हणायचं नाही.

तरीही काही सापडलं नाही तर ब्लॉक आणि बलून वेगळे करायची एक युक्ती आहे. गाडी स्टँडवर घेऊन, त्या कोपऱ्याची हवा सोडून, पाइप ब्लॉककडून सुटा करायचा. त्याच्या टोकाला टायरच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असलेली नोझल बसवायची आणि पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने हळूहळू हवा भरून तो कोपरा नेहमीच्या उंचीला आणायचा. रिकाम्या मोठ्या गाडीला मागे ५ ते ७ बार लागतात, म्हणजे आपल्या भाषेत ७० ते १०० पौंड. रात्रभर ठेवा. आता ब्लॉक चित्रातच नाही. तरीही बसली तर बलून किंवा पाइप. नाही बसली तर ब्लॉक.

पाइप परत लावताना टोक पक्कडने चिरडू नका, धारदार पात्याने काटकोनात कापा. जोडातल्या पितळी कॉलेटने (पाइप पकडणाऱ्या कड्याने) चावलेला तेवढा तुकडा कापून टाकायचा, ओरखडलेल्या जागी ओ-रिंग नीट बसत नाही.

अवांतरकर

अवांतर आहे, धाग्याने माफ करावं. गाडीची उंची आपोआप सांभाळायचं हे वेड जुनं. सिट्रोएन या फ्रेंच कंपनीने १९५५ साली डीएस आणली, तिच्यात स्प्रिंगऐवजी नायट्रोजन आणि तेल. बंद केल्यावर हळूहळू खाली बसायची आणि चालू केल्यावर उठायची, म्हणजे आपल्या हवालदिल यांची गाडी सध्या करते तेच, फक्त तिकडे तो गुण होता. २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ पेटी-क्लामार इथे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा टायर फुटलेली डीएसच त्यांना घेऊन निसटली. सेन्सर आणि कंट्रोल युनिटवाली हवेची सस्पेन्शनं १९८० च्या दशकात आली, लिंकनने १९८४ च्या मार्क सेव्हनमध्ये दिली, रेंज रोव्हरने १९९२ मध्ये, मर्सिडीजची एअरमॅटिक १९९८ च्या एस-क्लासमध्ये. चालू द्या.

हवालदिल

सापडलं! सगळ्यात वरच्या उंचीला नेली, ब्रश फिरवला आणि बलूनच्या आतल्या बाजूला, चाकाकडून दिसतच नाही अशा ठिकाणी, बोटभर लांब भेगेतून फेस. दुमडीत लाल मातीचा थर बसलेला. आमच्याकडच्या जांभ्याची बारीक खडी आहे, ओल्यात शिरते आणि सुकली की तिथेच राहते.

उजवीकडे साफ करून पाहिलं. फेस नाही, पण रबरावर केसासारख्या रेघा आहेत.

बापू बेलोवाले

रेघा आल्या म्हणजे त्योबी पावसाळा काढायचा न्हाई. दोन्ही बदला. इथं स्पष्टवक्ता साहेबांचं बरोबर हाय. पुढच्याला हात लावू नका, त्ये चांगलं हाईत.

घालताना एक ध्यानात ठेवा. नवा बेलो बसवला, नट आवळला आणि तसाच जॅक खाली सोडला तर गेला. रिकाम्या बेलोवर वजन आलं की रबर वाकडं दुमडतंय, चिमटीत सापडतंय आणि पहिल्याच फेरीत फाटतंय. चाक लोंबकळतंय तवाच हवा भरायची, घडी गोल आणि सारखी आली का बघायचं, मग वजन टाकायचं. पिस्टनची बैठक साबणपाण्यानं धुऊन घ्या, खडा राहायला नको. आणि दर पावसाळ्यानंतर प्रेशरनं घडीतली माती धुऊन काढा, गाडी वर उचलून. त्याला काय पैसा लागत न्हाई.

स्पष्टवक्ता

माझं बरोबर आहे म्हणालात, हे मी स्क्रीनशॉट काढून ठेवलंय. पण आता कंप्रेसरचं काय? इतके महिने गळक्या बलूनला हवा पुरवून तो अर्धमेला झालाच असणार. तो तसाच ठेवणार का?

पाना नं. तेरा

प्रश्न योग्य आहे, आणि ह्याचं उत्तर कंप्रेसरनेच द्यायचं. आधी त्याच्यावर झालेला अत्याचार समजून घ्या, कारण तो फक्त जास्त पळण्याचा नाही.

कंप्रेसरच्या तोंडाशी एक ड्रायर असतो, आत सिलिका जेलचे दाणे. बाहेरची दमट हवा आत येताना दाणे तिची ओल शोषतात. गाडी खाली घेतली की सिस्टीममधली कोरडी हवा त्याच ड्रायरमधून उलटी बाहेर जाते आणि जाताना दाण्यांची ओल घेऊन जाते. असा तो ड्रायर स्वतःला वाळवत असतो. बलून गळका असला की काय होतं? हवा ड्रायरमधून येते, पण परत त्याच्यातून जात नाही, भेगेतून जाते. ओल आत येत राहते, बाहेर जायची वाट बंद. त्यात कोकणातला जुलै. दाणे भिजून गच्च झाले की पाणी पुढे वॉल्व्ह ब्लॉकमध्ये शिरतं, तिथे गंज धरतो, सोलेनॉइड नीट मिटत नाहीत. मग ब्लॉकही खरोखरच गळायला लागतो. ब्लॉक आज मेलेला नाही, पण हे असंच चालू राहिलं असतं तर गॅरेजवाल्याचं कोटेशन वर्षभरात खरं ठरलं असतं.

तेव्हा बलून बदलल्यावर बघायचं ते हे. हवा ओढायच्या पाइपवरचा फिल्टर धुळीने बसलाय का? कंप्रेसर चालू असताना त्याच्या प्लगवर व्होल्टेज किती? तो २०-३० अँपिअर सहज ओढतो, त्यामुळे गंजलेल्या अर्थिंगवर अर्धा-एक व्होल्ट सहज खाल्ला जातो आणि माणसं कंप्रेसरला शिव्या देतात. मल्टिमीटरचं एक टोक कंप्रेसरच्या अर्थवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर, कंप्रेसर चालू. पाव व्होल्टाच्या वर दिसलं तर आधी अर्थ घासा. बॅटरीच म्हातारी असेल तर उरलेल्या चाचण्यांना अर्थ नाही.

हे सगळं ठीक असूनही गाडी उचलायला वेळ लागत असेल तर कंप्रेसरच्या पिस्टनची टेफ्लॉन रिंग झिजलीय. रिंग आणि ओ-रिंगचं किट मिळतं.

बापू बेलोवाले

सिलिंडरच्या आत बोट फिरवून बघा. ओरखडा नखाला लागला तर नुसती रिंग टाकून उपेग न्हाई, नवी रिंगबी खाऊन टाकंल. मग स्लीव्हसकट किट घ्या, न्हाईतर कंप्रेसरच घ्या.

हवालदिल

दोन्ही बलून बसले, चाक लोंबकळत असतानाच हवा भरली. रात्रीचा उतार आता चारही कोपऱ्यांना एकसारखा, ५ ते ८ मिमीच्या आत. गळती संपली!

कंप्रेसर उघडला. फिल्टर म्हणजे धुळीची वडी. ड्रायरमधले दाणे नारिंगी असायला हवेत ना? ते काळपट हिरवे, आणि तळाशी पिठासारखा चुरा. सिलिंडर मात्र गुळगुळीत आहे. दाणे ओव्हनमध्ये भाजले तर चालतील असं कुठेतरी वाचलंय.

इसारकाठचा

भाजले तर चालतात, १२० अंशांवर दोन-तीन तास. पण चुरा पडलेले दाणे परत घालू नका. तो चुरा सोलेनॉइडच्या सीटवर जाऊन बसला की बंद झालेली गळती नव्या जागी सुरू. जेल स्वस्त मिळतं, नवंच घ्या, दाण्याचा आकार तोच बघा आणि घालण्यापूर्वी चाळून घ्या. दोन्ही टोकांची फेल्टची चकतीही नवी.

गियरवाली मावशी

आणि भाजायचेच झाले तर घरच्या ओव्हनमध्ये नकोत. त्या दाण्यांना रंग देणारं रसायन केकमध्ये जायच्या लायकीचं नसतं.

पाना नं. तेरा

एक राहिलं. कंप्रेसरचा रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, बदला, काही शेकड्यांचा आहे. इतके महिने जादा वेळ चालल्यामुळे त्याचे कॉन्टॅक्ट जळालेले असतात आणि एखाद्या दिवशी ते एकमेकांना चिकटतात. मग कंट्रोल युनिट 'थांब' म्हणतं, रिले ऐकत नाही आणि कंप्रेसर गाडी बंद असतानाही पळत राहतो. सकाळी बॅटरी झोपलेली आणि तुमची नवी रिंग जळालेली. नवा किंवा दुरुस्त कंप्रेसर जुन्या रिलेवर चालवणं हा ह्या दुरुस्तीतला सगळ्यात महागडा काटकसरीपणा.

हवालदिल

रिंग, जेल, फिल्टर, रिले, सगळं केलं. कंप्रेसर पुन्हा पूर्वीसारखा पटकन उचलतो. दिवा गेला. सगळा खर्च कोटेशनच्या चौथ्या हिश्श्याच्याही आत.

पण आता नवीन गंमत. गाडी रात्रीतून हलत नाही, तरी सपाट जमिनीवर उभी असताना मागे उजवीकडे १४ मिमी उंच दिसते. कायम तेवढीच. एकही कोड नाही.

पाना नं. तेरा

कोड येणारच नाही, कारण गाडीच्या मते ती सरळ उभी आहे. उंची तिला डोळ्यांनी दिसत नाही, चाकाच्या आर्मला लिंक रॉडने जोडलेला सेन्सर जे सांगेल ते ती खरं मानते. हवेचा भाग संपला, आता विजेचा.

स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडा आणि चारही उंचीचे आकडे टेपशी ताडून बघा. मागच्या उजव्याचा आकडा ठीक दिसतोय आणि टेप १४ मिमी जास्त दाखवतेय, बरोबर? मग शक्यता दोन-तीनच. लिंक रॉड वाकलाय किंवा त्याचा बॉल जॉइंट घट्ट झालाय. सेन्सरच्या प्लगमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या झाल्यात. नाहीतर कॅलिब्रेशन, म्हणजे गाडीला 'सरळ उंची ही' असं शिकवणं, चुकीच्या उंचीवर केलेलं आहे.

प्लग सुटा करून पुरवठा ५ व्होल्ट येतो का बघा. मग प्लग लावून, मागून पिन टोचून सिग्नल बघा. लिंक सोडवून आर्म हाताने हळू फिरवला तर व्होल्टेज साधारण अर्ध्यापासून साडेचारपर्यंत अखंड सरकायला हवं. मध्येच उडी मारली किंवा शून्य झालं तर सेन्सर खराब.

हवालदिल

पुरवठा ५.०१. सिग्नल लोण्यासारखा सरकतोय, कुठे उडी नाही. लिंक रॉड सरळ, जॉइंट मोकळा. पिना स्वच्छ.

स्कॅनरवर शोधताना एक सापडलं. कॅलिब्रेशनची शेवटची नोंद मी गाडी घ्यायच्या जेमतेम आधीची आहे.

स्पष्टवक्ता

अरे देवा. विकायच्या आधी दिवा घालवण्यासाठी कोणीतरी वाकड्या गाडीलाच 'ही सरळ' असं शिकवून ठेवलंय!

पाना नं. तेरा

दिसतंय तसंच. त्या वेळी नेमका कोणता कोपरा किती खाली होता ते आता कोणी सांगू शकणार नाही, आणि त्याची गरजही नाही. टायरमध्ये नेमलेली हवा भरा, गाडी रिकामी ठेवा, फरशी खरोखर सपाट आहे का ते पाण्याच्या नळीने तपासा. मग स्कॅनरच्या कॅलिब्रेशनमध्ये चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं प्रत्यक्ष माप चारही कोपऱ्यांचं भरा. तुमच्या मॉडेलची ठरलेली उंची मॅन्युअलमध्ये असते, पुढची आणि मागची वेगळी. माप मिलिमीटरपर्यंत खरं भरा, अंदाजाने नको. दार उघडू नका, गाडीत कोणी बसू नका, काही गाड्या दार उघडलं की लेव्हलिंग थांबवतात आणि कॅलिब्रेशन अर्धवट राहतं.

हवालदिल

झालं. चारही कोपरे ठरलेल्या मापाच्या ३ मिमीच्या आत. काल भरलेल्या गाडीने ताम्हिणी उतरलो, वळणांवर गाडी आता उजवीकडे-डावीकडे सारखीच झुकते. आधी एका बाजूला जास्त झुकायची आणि मला वाटायचं टायरचा दोष.

फक्त रात्री परत येताना समोरून येणारे सगळे मला डिपर मारत होते. लो बीमवरच होतो.

गियरवाली मावशी

झेनॉनवाली गाडी असेल तर ते तर होणारच. हेडलाइट किती वर-खाली करायचा ते त्याच उंचीच्या सेन्सरवरून ठरतं. तुम्ही सस्पेन्शनला नवी उंची शिकवलीत, हेडलाइटच्या युनिटला कोणी सांगितलंच नाही, त्याच्यासाठी जुनी वाकडी गाडीच खरी. स्कॅनरमध्ये हेडलाइटचं बेसिक सेटिंग वेगळं असतं, ते करून घ्या. आधी सस्पेन्शन, मग हेडलाइट, हाच क्रम. त्यानंतर अलाइनमेंटवाल्याकडे बीम सेटर (हेडलाइटचा झोत तपासायचं यंत्र) असतो, त्याच्यावर एकदा तपासा, आणि चाकांचं अलाइनमेंटही तिथेच करून टाका, उंची बदलली की कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदलतो. तोवर रात्रीचा दापोलीचा प्रवास नको.

हवालदिल

उद्याच जातो. अलाइनमेंटवाला म्हणतोय बीम सेटर त्याच्याकडे आहे, पण गेल्या दिवाळीपासून त्याच्यावर टायर रचून ठेवलेत.

बापू बेलोवाले

मग आधी त्याच्याकडनं टायर उतरवून घ्या.